घडी मोडायचा मान

वर्षाराणीला चित्र काढता येत नाही, हे तिनं सातवीतच कबूल करून टाकलं होतं. तिनं गाय काढली होती आणि चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या, "टेबल छान जमलंय गं, पण एक पाय जास्त झालाय." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. त्यानंतर तिनं रंगपेटीला हात म्हणून लावला नाही. रांगोळीसुद्धा ती ठिपक्यांचीच काढायची, म्हणजे चुकायची भीती नको.

आणि आता, दोन हजार एकेचाळीस साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तिच्या वाट्याला काय यावं? तर जाहिरातीची चित्रं! नशिबाला तरी माणसाची खोड काढल्याशिवाय चैन कुठं पडते!

म्हसवडच्या सणगर गल्लीत पूर्वी घरटी एक माग होता. आता उरला होता एकच, तिच्या सासऱ्यांचा. ज्ञानू सणगर, अख्ख्या गल्लीचे आण्णा, वय एकोणऐंशी. जमिनीत कंबरभर खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि धोटा इकडून तिकडे फेकत काळ्या लोकरीची घोंगडी विणायची. सुताला चिंचोक्याची खळ लावलेली, त्यामुळे नवी घोंगडी चांगली ताठ आणि खरबरीत. पूर्वी माणसं आठवडी बाजारात यायची, कोपरा ओढून बोटांत चोळून बघायची आणि खांद्यावर टाकून चालू लागायची. आता बाजारात येणारी माणसं भाजीपुरती. बाकी सगळं चित्र बघून मागवायचं. चित्र नाही तर माल नाही. नवरा शिरवळच्या कारखान्यात, रविवारी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. म्हणजे चित्राचं लचांड कुणाच्या गळ्यात? वर्षाराणीच्या.

म्हणून तिनं फोनमध्ये 'चितारी' घेतलं. तेव्हा सगळेच घेत होते. शेजारच्या लोणचेवालीपासून दहिवडीच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांची चित्रं चितारी करायचं. कला येत नसली तरी चालेल, एक फोटो द्या, बाकी आम्ही बघतो, असं त्यांचं म्हणणं. वर्षाराणीला वाटलं, चला, सातवीचा सूड निघाला.

फोटो काढायला तिनं एक घोंगडी उलगडायला घेतली, तर आण्णा मागावरून ओरडले.

"आगं ए राणी! काय करतीयास? इकायच्या घोंगडीची घडी आपुन मोडायची न्हाई. घडी मोडायचा मान गिऱ्हाइकाचा."

"आण्णा, नुसता फोटो काढायचाय."

"घडीचा काढ की. घडी काय वाईट दिसती?"

हा सणगरांचा जुना रिवाज. घोंगडी विणून झाली की चौपदरी घडी घालायची, पांढऱ्या सुतानं बांधायची आणि घेणाऱ्यानंच ती पहिल्यांदा उघडायची. विणणाऱ्यानं उघडली तर ती वापरलेली झाली. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाशी वाद कोण घालणार? वर्षाराणीनं घडीचाच फोटो काढला. त्यात दिसली चार बोटं रुंदीची काळी पट्टी आणि पांढरं सूत.

चितारीनं विचारलं, 'रिकाम्या जागा भरू का?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नको'. तिनं 'हो' दाबलं. आपण सगळे दाबतो तसं, न वाचता.

पुढच्या क्षणी पडद्यावर जी घोंगडी आली ती बघून तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! ही आपली?" करडा रंग, मऊसूत पोत, गाल टेकला तर झोपच लागावी. इतकी देखणी घोंगडी तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिनं लगेच 'मंजूर' दाबलं.

खरं सांगायचं तर घोंगडी तिला कधीच आवडली नव्हती. लग्नात आण्णांनी तिच्यासाठी स्वतः एक विणली होती, तांबड्या काठाची. पहिल्याच थंडीत तिनं घडीचा कोपरा गालाला लावून बघितला आणि तो असा टोचला की तिनं घडी तशीच ट्रंकेत टाकली आणि अंगावर पानिपतचं मऊ ब्लँकेट ओढलं. आण्णा वर्षा-दोन वर्षांनी विचारायचे, "राणी, तुजी घोंगडी कुठं हाय गं?" ती म्हणायची, "जपून ठेवलीय, आण्णा." आण्णा खूश व्हायचे. याला वीस वर्षं झाली होती.

चित्र लोकांच्या फोनवर आणि एसटी स्टँडवरच्या चितारीच्या फलकावर झळकलं आणि मागण्या धडाधड येऊ लागल्या. आण्णांचे हात थरथरायचे, काठ हल्ली जरा वाकडा जायचा, पण माणूस पहाटेपासून मागावर. न खपता साठलेल्या आणि नव्या मिळून एकोणीस घोंगड्या पंधरा दिवसांत गेल्या. मांडणीवर दोनच उरल्या. आण्णा गल्लीत सांगत सुटले, "सुनंनं चितार काढला आन् माल उडाला!" वर्षाराणी लाजून चूर. टेबलाला पाच पाय काढणारी बाई ती!

आणि मग पहिली घोंगडी परत आली.

फोन नागपूरच्या दळवीबाईंचा होता. "अहो ताई, हे काय पाठवलंत? काळंकुट्ट, टोचतंय, वर कसला तरी आंबूस वास येतोय!"

"ती खळ असते, काकू. वास जातो चार दिवसांत."

"मला खळबिळ काही माहीत नाही. मी घेतली ती पांढरी होती, निळ्या फुलांची. चित्र आहे माझ्याकडे."

"निळी फुलं? घोंगडीवर? काकू, तुमची काहीतरी गल्लत..."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

बाई खोटं बोलत नव्हत्या. दाखवलं तेच द्यायचं, असा तेव्हा कायदा होता, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसलेलं चित्र पुरावा म्हणून जपून ठेवलं जायचं. मग दुसरी परत आली, तिसरी आली, आणि दसऱ्याच्या आधी तीन आठवडे एकोणीसच्या एकोणीस घोंगड्या अंगणात येऊन पडल्या. प्रत्येकीसोबत गिऱ्हाइकानं जोडलेलं चित्र. वर्षाराणीनं ती एकोणीस चित्रं खाटेवर मांडली आणि कपाळाला हात लावला. एक हिरवी, एक शालीसारखी पातळ, एकीवर मोर, एक तर चक्क बाळाच्या दुपट्याएवढी. आण्णांची एकही नाही.

उघडलेली घोंगडी पुन्हा विकायची नाही, हा रिवाजच. आण्णांनी सगळ्या गोळा केल्या आणि मेंढरं घेऊन कोकणाकडे निघालेल्या धनगरांना बिरोबाच्या देवळापाशी वाटून टाकल्या. घरी येऊन ते मागाशेजारी बसले, पण खड्ड्यात उतरले नाहीत.

वर्षाराणीचं डोकं फिरलं. तिनं चितारीच्या कंपनीला फोन लावला. तिथं आधी एक यंत्र बोललं, मग दुसरं यंत्र, मग तिसऱ्यानं सनई ऐकवली. पाऊण तास! शेवटी ती किंचाळली, "एखादं जित्तं माणूस आहे का रे तिथं?" तेव्हा कुठं गार्गी नावाची मुलगी पडद्यावर आली. मुलगी भली होती, हे मानलंच पाहिजे.

"ताई, यात एकच चित्र असं नसतंच," गार्गी म्हणाली. "आवडतं काही दिसलं की आपल्या डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. आपल्याला कळत नाही, पण फोनच्या आणि फलकाच्या कॅमेऱ्याला कळतं. तुम्ही दिलेल्या फोटोत जे दिसतं ते यंत्र पक्कं धरतं, त्याला हात लावत नाही. जे दिसत नाही ते कच्चं. कच्चा भाग ते बघणाऱ्याच्या डोळ्यावरून भरत जातं. थोडा रंग बदलायचा, थोडा पोत बदलायचा, आणि बाहुली मोठी झाली की त्या दिशेनं आणखी पुढं जायचं. दोन सेकंदांत त्या माणसाला हवी तशी वस्तू तयार."

"म्हणजे मनातलं वाचतं?"

"मन नाही हो. डोळा कुठं थांबतो तेवढंच."

"आणि स्टँडवर फलक लावलाय तुमचा, तिथं तर दहा माणसं एकदम उभी असतात?"

"त्याच्या काचेवर बारीक भिंगं असतात. ज्याच्या त्याच्याकडे वेगळा उजेड जातो. शेजारी शेजारी उभ्या दोघांना दोन चित्रं दिसतात."

"मग हे लबाडीचं काम झालं की गं!"

"ताई, तुम्ही 'हो' दाबलंय," गार्गी चाचरत म्हणाली. "आणि घडीचा फोटो दिलात. चार बोटं पक्की, ती त्यानं खालच्या घडीत दडवली, बाकी सगळं कच्चं. लोक साडी, चादर उघडून फोटो देतात. असं बांधलेलं गाठोडं आजवर कुणी दिलं नव्हतं."

वर्षाराणीनं हळूच विचारलं, "मी जी मंजूर केली, करडी, मऊ, ती कुणाच्या डोळ्यातली?"

"तुमच्याच. तेव्हा बघत तुम्हीच होतात ना."

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. दळवीबाईंना काय नावं ठेवायची? पहिली फसवणूक तर हिनंच मंजूर केलेली. आण्णांना सांगायला हवं होतं की तुमच्या विणण्यात खोट नाही, खोट चित्रात आहे. ती उठली, तर आण्णा घरात नव्हते.

ते सापडले एसटी स्टँडवर, फलकासमोर. टोपी हातात, मान वर. शेजारचा पानवाला म्हणाला, "रोज येत्यात. तासभर हितंच उभं असत्यात."

"आण्णा, चला घरी."

"थांब गं. काठ बघ," आण्णा बोट दाखवून म्हणाले. "कसा दोरीत गेलाय! इणीची ठोक बघ, कुठं सैल न्हाई. ही माजी चाळीस वर्सांमागची घोंगडी हाय, राणी. तवा हात असा चालायचा. तू हिचा फोटू कुठनं पैदा केलास?"

वर्षाराणीनं फलकाकडे पाहिलं. तिला करडी दिसत होती. मऊ. काठच नव्हता तिला.

"आण्णा, हे खरं नाही. ज्याला जे आवडतं ते यात दिसतं. यंत्राची करामत आहे ही."

"व्हय?" आण्णा तिच्याकडे वळले. "मग तुला कशी दिसती?"

एवढा साधा प्रश्न, पण खरं सांगायचा तिला धीर झाला नाही. "अशीच, आण्णा. तुमच्यासारखीच."

आण्णांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी डोक्यावर चढवली. "यंत्र खोटं आसंल, पर मान्सास्नी काय पायजे ते त्याला कळतं. आन् ते माज्याकडनं आता व्हत न्हाई. मलाबी माजी आत्ताची घोंगडी आवडंना झाली बघ. खंडेनवमीला मागाची पूजा करतो आन् खड्डा बुजवून टाकतो."

"आण्णा, असं काय बोलताय!"

"मुरूम सांगितलाय पिंटूच्या ट्रॅक्टरला," आण्णा म्हणाले आणि चालू लागले.

हाताशी सतरा दिवस होते. खरी दिसणारी घोंगडी, सगळ्यांना एकच दिसणारी, आणि तरीही कुणीतरी घेईल अशी, एवढं एक चित्र तिला हवं होतं. एक घोंगडी जाऊन परत आली नाही, तर म्हातारा खड्डा बुजवणार नाही, अशी तिची खात्री होती. 'नको' दाबलं तर घडीची नुसती काळी पट्टी उरायची, ती कोण घेणार? म्हणून ती रोज दुपारी फोन घेऊन बसायची आणि चितारीशी भांडायची.

"काळी दाखव," ती म्हणायची. ते काळी मखमल दाखवायचं.

"खरबरीत दाखव." ते काथ्याचं पायपुसणं दाखवायचं.

"मेंढीच्या लोकरीची, माणदेशातली!" मग बर्फाच्या डोंगरात पांढरीशुभ्र गुबगुबीत मेंढी, आणि तिच्याशेजारी दाढीवाला गोरा मेंढपाळ, घोड्यावर.

"अरे मेल्या, म्हसवडात बर्फ कुठला!" ती फोनवर खेकसायची. फोन नम्रपणे विचारायचा, 'बर्फ काढू का?' बर्फ निघायचा आणि वाळवंट यायचं. उंटासकट.

तिनं कागदावर स्वतः काढायचाही प्रयत्न केला. ती घोंगडी गाईसारखी दिसायला लागली तेव्हा तिनं कागद चुलीत घातला आणि बसून रडली. असा संताप तिला कधी आला नव्हता. यंत्राचा यावा तर ते बिचारं सांगेल ते करत होतं. स्वतःचा यावा तर एवढंच कळत होतं की रंग, रेषा, मांडणी यातलं आपल्याला ओ की ठो येत नाही, आणि न येणाऱ्या कामावर एका माणसाचा जन्मभराचा माग टांगलेला आहे. उपाय एकच होता, गार्गीच्या बोलण्यातून कळलेला. घोंगडी उलगडायची, दोन्ही बाजूंनी, भर उन्हात, म्हणजे यंत्राला कच्चं काही उरणारच नाही. पण परत आलेल्या घोंगड्या आता मेंढरांबरोबर घाटाखाली गेलेल्या, आणि मांडणीवरच्या दोन्ही घडीबंद.

खंडेनवमीला सकाळी आण्णांनी माग पुसला, धोट्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. बाहेर मुरमाचा ढीग पडला होता आणि त्यात फावडं उभं होतं.

वर्षाराणीनं मांडणीवरची एक घोंगडी उचलली. "आण्णा, शेवटचं मागते. हिची घडी मोडू द्या. उघडी दाखवली तर यंत्राला लबाडी करता येत नाही."

"न्हाई."

"एकच, आण्णा!"

"माज्या बानं न्हाई मोडली, आज्यानं न्हाई मोडली. माग चालला म्हनून रिवाज मोडू व्हय? जिची तिनं मोडावी. ही कुनाची हाय? कुनाचीच न्हाई. ठिव ती खाली." त्यांनी फावडं उपसलं.

जिची तिनं मोडावी! वर्षाराणी तशीच आत धावली. ट्रंकेवरच्या गाद्या तिनं ढकलून दिल्या, झाकण उघडलं आणि तळातून आपली घोंगडी ओढून काढली. पांढरं सूत पिवळं पडलं होतं.

"ही माझी आहे," ती अंगणात येऊन धापा टाकत म्हणाली. "हिचा मान माझा. वीस वर्षं झाली, आण्णा, मी मोडली नाही."

आण्णा हातातलं फावडं तसंच धरून बघत राहिले. तिनं सूत तोडलं, दोन्ही हातांनी घोंगडी झटकली आणि उन्हात पसरली.

अंगणात भुसा उडाला. घोंगडीला कसर लागली होती. घडीच्या प्रत्येक रेघेवर भोकं, कुठं रुपयाएवढी, कुठं हाताचा पंजा जाईल एवढी. तांबडा काठ मात्र शाबूत होता, सुतासारखा सरळ.

वर्षाराणी घोंगडीशेजारी बसली. "मला टोचायची ती, आण्णा," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "जपून ठेवलीय म्हणत होते, खोटं होतं ते. एक दिवस अंगावर घेतली नाही. स्टँडवरसुद्धा मला तुमची नव्हती दिसत. मऊ दिसत होती, दुसरीच कुठली तरी."

आण्णांनी फावडं मुरमात रोवलं. गुडघ्यावर हात देत ते तिच्यासमोर बसले, एका भोकात बोट घातलं आणि कडा चाचपत राहिले.

"टोचनारच की," ते म्हणाले. "नवी घोंगडी टोचतीच. दोन हिवाळं अंगावर घेतली आसतीस तर मऊ पडली आसती. वापरात आसती तर कसर बी लागली नसती. तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

"नाही."

"मीबी न्हाई सांगितलं," आण्णा म्हणाले. "मला वाटलं, ठावं आसंल."

मग आण्णांनी काठावरून हात फिरवला आणि ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "ठोक बरी हाय. हे सगळं भरतं की. उगं टाकून कशाला द्यायची?" ते उठले, कोनाड्यातून सुई आणि काळ्या सुताची गुंडी काढली, आणि झेंडूची माळ बाजूला सारून खड्ड्यात पाय सोडून बसले. "आन हिकडं. आदी ही भरतो, मग खड्ड्याचं बघू."

वर्षाराणीनं घोंगडी मागावरून अंगणापर्यंत पसरली. एक टोक आण्णांच्या मांडीवर. ऊन थेट भोकांतून जमिनीवर पडत होतं. तिनं फोन धरला. रंग, रेषा, मांडणी कशाचाच विचार केला नाही. दोन्ही बाजूंनी फोटो काढला, आण्णांच्या थरथरत्या हातासकट. खाली पाच शब्द लिहिले, 'टोचते. दोन हिवाळ्यांत मऊ पडते.'

चितारीला ते अजिबात पसंत पडलं नाही. 'हे चित्र सर्वांना एकसारखं दिसेल,' त्यानं बजावलं. 'नजर थांबण्याची शक्यता शंभरात चार. मजकूर बदलू का?'

"नको."

'चित्रात अकरा रिकाम्या जागा आढळल्या. भरू का?'

या खेपेला तिनं अक्षर न् अक्षर वाचलं, आणि 'नको' दाबलं. यंत्र चिवट. त्यानं कारण विचारलं.

"राणी," खड्ड्यातून आण्णांनी हाक मारली, "सुईचं भोक दिसंना बग. दोरा ओवून दे जरा."

"आले, आण्णा," ती म्हणाली, आणि उठता उठता अंगठ्यानं कारण लिहिलं, 'भरणारा बसलाय.'